हडळीला ओ

ही गोष्ट एकोणीसशे एक्कावन्न सालची, ज्या साली चार्ली आला त्या सालची. चार्ली म्हणजे ऑगस्टच्या सतरा तारखेला, शुक्रवारी रात्री जमैकावरून गेलेलं वादळ. आमच्या डोंगरात त्याचं नाव अजून असं घेतात, की वाटावं घरचाच कुणी उनाड मेव्हणा असेल. आला, जेवला, छप्पर उचलून घेऊन गेला.

टॉम्स गॅप ही किनाऱ्यावरच्या बफ बे गावाच्या वर, ब्लू माउंटनच्या खांद्यावर बसलेली बावीस घरांची वस्ती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तीन घरांवर पत्रे उरले होते. केळी आडव्या झाल्या होत्या. कॉफीच्या झाडांची पानं अशी ओरबाडली होती, की झाडांकडं बघायचीसुद्धा लाज वाटावी. आणि वरचं रान, जे एरवी भर दुपारी काळोखं असायचं, ते करडं, उघडं पडलं होतं. आत काय काय राहतं ते आम्हाला कधी दिसलं नव्हतं. आता ते सगळं खाली उतरून अंगणापर्यंत यायला लागलं.

इसिल्डा तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना होता. नवऱ्याचं नाव ईनस. ईनस कॉफीच्या मळ्यात तण काढायचा आणि मधल्या दिवसांत पाखरं धरायचा. घरात त्याची आई, मदर केटुरा. डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी. गावात कुणाचं पोर रात्री दचकून उठलं की तिलाच बोलवायचे. इसिल्डाही तिला गावासारखं मदरच म्हणायची. सासरा, म्हातारा झेबेडी, वादळात गेला. घराचा आडवा वासा त्याच्या छातीवर पडला. परसात, आंब्याच्या बुंध्याजवळ त्याला पुरलं, नवव्या रात्री सगळं गाव त्याच्यासाठी जागलं, गायलं, आणि पहाटे त्याचा कोट उलटा करून मोरीमागच्या खिळ्याला टांगला. उलटा कोट दिसला की मेलेल्याला आपलं घर ओळखू येत नाही. त्या कोटाला चाळीस रात्री कुणी हात लावायचा नसतो.

चाळीस रात्रींचा आणखी एक नियम मदर केटुराचा स्वतःचा होता. तेवढ्या दिवसांत घरातल्या कुणी दरीत पाय टाकायचा नाही. कारण दरीत हडळ होती.

हडळ म्हणजे पाखरू. पारव्याहून जरा थोराड, राखी अंग, मानेवर पितळेसारखी चमक, पाठ जांभूळ चोळल्यासारखी, डोक्यावर आखूड शेंडी. उडायचा कंटाळा, रानात खाली पाचोळ्यातून मान हलवत, शेपटी उडवत चालतं. माउंटन विच, डोंगरची हडळ, हेच त्याचं नाव. दिसायला गरीब आहे बिचारं. नाव पडलं ते आवाजावरून. हूप्, आणि मग लांब, खाली खाली जाणारं हूऽऽऽ. पहिला सूर दचकवतो, दुसरा अंगावरून थंड हात फिरवतो. शाळेतले मास्तर सांगायचे, की हे पाखरू जगात फक्त आपल्या जमैकात आहे, दुसरीकडं कुठंही नाही. मदर केटुरा म्हणायची, "दुसऱ्या कुणी घेतलीच नसती तिला."

आता एक गोष्ट आमच्याकडं पोराला चालायच्या आधी शिकवतात. रानातून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर खुशाल द्यावी. कारण मेलेल्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरीपुरता वारा त्याच्या छातीत उरलेला नसतो. आणि जो मेलेल्याला ओ देतो तो त्याच्यामागं जातो. बाई पोटुशी असेल तर ती राहते, पोटातलं जातं. हडळ कितीही वेळ ओरडली तरी दोनच सूर काढते. म्हणून ती त्यांची.

ईनस तिची नक्कल करायचा. दोन हातांची ओंजळ मिटून, अंगठ्यांच्या फटीत फुंकर मारायची. सूर बरोबर लागला की हडळ चालत चालत सापळ्यापर्यंत येते. सापळा म्हणजे काठ्यांची विणलेली टोपली, तिला कॅलबान म्हणतात. एका काडीवर तिरकी उभी करायची, आत दाणे टाकायचे. पण ईनसच्या डाव्या हाताची दोन बोटं मळ्यात कोयत्यानं अर्धी तुटली होती. त्यामुळं ओंजळीला भोक राहायचं आणि दुसरा सूर निम्म्यावर चिरायचा, तडकलेल्या मडक्यातून पाणी झिरपावं तसा. इसिल्डानं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती कॉफीची फळं तोडत होती. असा फुटका आवाज ऐकून ती इतकी मोठ्यानं हसली, की झुडपातली खरी हडळ भुर्रकन उडाली आणि पाठोपाठ झुडपातून एक चिडलेला माणूस बाहेर आला. वर्षभरानं त्याच माणसाशी तिचं लग्न लागलं.

तर मंगळवार होता, ऑगस्टची अठ्ठावीस तारीख. तिघं उघड्या चुलीपाशी जेवत होती.

"सकाळी भाजलेला नीरफणस, संध्याकाळी उकडलेला नीरफणस," ताटली ढकलत इसिल्डा म्हणाली. "माझं पोर आता गोल आणि हिरवं होणार."

"मग काय हवंय राणीसाहेबांना?" ईनसनं विचारलं.

"हडळ. मिरची चोळून, निखाऱ्यावर."

"जिभेला हाड आहे का गं तुझ्या?" मदर केटुरा गरजली. "परसात माती ओली आहे अजून! चाळीस रात्री दरीचं नाव काढायचं नाही. ईनस, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, माय."

"आणि गेला तरी काय," इसिल्डा म्हणाली, "याच्या फुटक्या फुंकरीला हडळ थोडीच भुलणार. हसून हसून मरेल."

"तू भुललीस की," ईनस म्हणाला, आणि रागावलेली म्हातारीसुद्धा फडक्याआड हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ईनस निघाला. बफ बेला सरकारी पत्रे वाटत होते. रांगेत दोन-तीन दिवस मोडतील, म्हणाला. त्यानं कोयता घेतला, गोणपाट घेतलं, इसिल्डाच्या पोटावर हात ठेवून "हिरव्या, नीट राहा रे" म्हटलं आणि तो उतरणीला लागला. मदर केटुरा अंधारातून ओरडली, "थॅडी कालच गेलाय, त्याच्यामागं उभा राहा!" मास थॅडी म्हणजे शेजारचा म्हातारा, थॅडियस.

त्या दिवशी दुपारी इसिल्डा उखळात कोको कांडत होती. मुसळाच्या ठेक्यावर गुणगुणत होती. दरी घराच्या मागं, शंभरएक पावलांवर सुरू होते. तिथून आवाज आला.

हूप्. हूऽऽऽ.

"आली," मदर केटुरा म्हणाली. ती उठली, भांड्यावरचं झाकण उलटं केलं, चिमूटभर मीठ उंबऱ्याबाहेर फेकलं आणि दरीकडं तोंड करून तिनं जे म्हणायचं असतं ते ठणकावून म्हटलं: "मीठ आणि मिरची तुझ्या आईला! कुणी ओ देऊ नका!"

"ओ द्यायला आहे कोण इथं, मदर? तुम्ही, मी आणि कोंबडी."

"कोंबडीलाही सांगून ठेव."

पाखरू दुपारभर ओरडत राहिलं. वादळापासून रोजच कुठून ना कुठून हडळी ओरडायच्या, त्यांचंही घर मोडलं होतं. इसिल्डानं फार लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळपासून पाऊस लागला. असा पाऊस, की समोरचं माणूस दिसू नये. दोघी उरलेल्या अर्ध्या छपराखाली, केळीच्या पानांवर बसल्या होत्या. दुपारी पाऊस जरा ओसरला, इसिल्डा गुणगुणत पुन्हा कांडायला लागली आणि दरीतून आवाज आला. पहिला सूर नेहमीसारखा. दुसरा लांबला, खाली गेला, आणि निम्म्यावर चिरला.

इसिल्डाच्या हातातलं मुसळ तसंच राहिलं.

मदर केटुरानं मीठ घेतलं होतं. "मीठ आणि मिरची तुझ्या…" ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तोंडातून निघालेच नाहीत. मीठ मुठीतच राहिलं, ओलं होऊन बोटांना चिकटलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

आवाज पुन्हा आला. पुन्हा तसाच फुटला.

आता तुम्ही म्हणाल, बायकोला नवऱ्याची फुंकर ओळखू आली, मग ती धावली का नाही? परक्या माणसाला हे समजायचं नाही. इसिल्डाच्या हिशेबी ईनस बफ बेला होता. उतरणीला दरडी कोसळत होत्या, नद्या फुगल्या होत्या, रोज कुणी ना कुणी वाहून जात होतं. दहा मैलांवरच्या माणसाची फुंकर घरामागच्या दरीतून यायची, तर तिचा एकच अर्थ होतो. जिवंत माणसाला दोन ठिकाणी असता येत नाही. आणि मेलेला येतो तो लाडक्याच्या आवाजात येतो, हेही आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. जितका आवाज ओळखीचा, तितकं तोंड घट्ट मिटायचं.

तिनं तोंडात पदर कोंबावा तसा हाताचा पालथा पंजा कोंबला आणि दुसरा हात पोटावर धरला. पोर आत हललं. आवाज येत राहिला. दर वेळी तिच्या घशात ओ तयार व्हायची, अगदी ओठांपर्यंत यायची. ती गिळायची. सबंध दुपार ती हेच करत होती. तिनं कांडायचं सोडलं, गुणगुणायचं सोडलं. मदर केटुरा उंबऱ्यावर आडवी काठी घेऊन बसली ती तिथून उठली नाही. इसिल्डाला वाटलं, म्हातारी दरीवर पहारा देतेय. म्हातारी पहारा देत होती तो सुनेवर.

शुक्रवारी सकाळी दरी गप्प होती. ते जास्त वाईट होतं.

दहाच्या सुमारास मास थॅडी डोक्यावर दोन पत्रे घेऊन धापा टाकत वर आला. पत्र्यांचा खडखडाट आधी आला, मग तो.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, राजाचा महाल चाललाय!" पत्रे खाली टाकत तो म्हणाला. "तीन दिवस उभा होतो. पाय एवढे सुजलेत की बायकोला वाटेल दुसराच कुणी आला."

"ईनस कुठाय?" मदर केटुरानं विचारलं.

"ईनस? मला काय ठाऊक."

"बुधवारी पहाटे निघाला. पत्र्यांना."

मास थॅडीचं हसू उतरलं. "मदर, मी मंगळवारपासून रांगेत आहे. आपल्या वरच्या अंगाचा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून गेला. ईनस आला नाही." मग त्यानं टोपी काढली. तो बोलला नसता तरी टोपीनं सगळं सांगितलं.

मदर केटुरा आत गेली आणि ईनसचा रविवारचा कोट घेऊन आली. बाह्या एक एक करून आत ओढल्या, कोट उलटा केला. तिचे हात स्थिर होते. "जा," सुनेला म्हणाली, "बापाच्या शेजारी टांग."

"मदर…"

"मला काल दुपारीच कळलंय, पोरी. तुलाही कळलंय." तिनं पहिल्यांदा इसिल्डाकडं नीट बघितलं. "मी पाजून वाढवलेला आवाज तो, मला कळणार नाही? पण तो गेला. तू ओ दिली असतीस तर हेही गेलं असतं." तिनं काठीचं टोक सुनेच्या पोटाकडं केलं. "एक तरी राहू दे मला."

इसिल्डा उलटा कोट घेऊन मोरीमागं गेली. म्हाताऱ्याचा कोट पावसानं भिजून जड होऊन लोंबत होता. त्याच खिळ्यावर दुसरा कोट मावेना, म्हणून तिनं पहिला बाजूला सरकवला. हात लावायचा नव्हता. पण आता काय राहिलं होतं? कोट सरकला आणि मागची भिंत दिसली.

त्या खिळ्यावर, कोटाच्या आत, कॅलबान असायचा. पाखरांचा सापळा. वर्षानुवर्षं त्याची ती जागा. कोट टांगला तो त्याच्यावरूनच टांगला होता. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन होता. सापळा नव्हता.

ती बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत राहिली असं तिला वाटलं. मास थॅडी सांगायचा, की ती गेली तशीच किंचाळत आली.

"मदर! सापळा नाही! तो बफ बेला गेलाच नाही! दरीत गेलाय, बुधवारीच, सापळा घेऊन!" तिच्या मनात मंगळवारचं जेवण उभं राहिलं. मिरची चोळून, निखाऱ्यावर. "मेलेल्याला कशाला लागतोय सापळा?"

"दरीत मेला असेल," मदर केटुरा म्हणाली. पण तिचा आवाज आता तिचा नव्हता. "जिवंत होता तर ओरडला का नाही? नावानं हाक का नाही मारली? दोनच सूर, परत दोनच सूर…"

इसिल्डा पुढचं ऐकायला थांबली नाही. ती दरीच्या कडेला धावली. मागून काठी टेकत म्हातारी, तिच्यामागं मास थॅडी.

खाली बघवत नव्हतं. वादळानं पाडलेली झाडं एकमेकांवर पडून दरी अर्धी भरली होती. फांद्या, मुळं, चिखल, कालच्या पावसानं खचलेली दरड. त्यात माणूस शोधायचा तर आठ दिवस लागले असते, आणि तेही कुठून सुरुवात करायची ते कळलं असतं तर. आवाजाला आवाज दिल्याशिवाय माग लागणार नव्हता.

"कुणी बोलू नका," इसिल्डा म्हणाली.

पाणी ठिबकत होतं. मग खोल खालून, अगदी बारीक:

हूप्.

मध्ये मोठी फट. हूऽ… चिरलेला, अर्धाच.

आणि मग, ऐकू येईल न येईल असा, नुसता श्वास. दिवा फुंकून विझवावा तसा. सूर नाहीच. फुंकर होती फक्त.

"तीन," इसिल्डा म्हणाली. "मदर, तीन झाल्या. मी मोजल्या."

"ती हाक नव्हती. तो वारा होता."

"तिसरी होती ती! तो तिसरी मारायला बघतोय!" आणि तिनं छाती भरून घेतली.

म्हातारीनं काठी टाकली आणि दोन्ही हातांनी सुनेचं तोंड दाबलं. एवढी ताकद त्या हाडांत असेल असं कुणाला वाटलं नसतं. इसिल्डा धडपडली. मास थॅडी "अहो मदर, अहो" करत नुसता भोवती फिरत होता. आणि मदर केटुरा, जिनं सत्तर वर्षांत रानातल्या कुठल्याही आवाजाला कधी ओ दिली नव्हती, ती सुनेचं तोंड तसंच दाबून धरून, दरीत वाकून ओरडली.

"ओऽऽऽ! ईनस! ओ रे! आले मी! न्यायचं तर मला ने, मी ओ देतेय, मी!"

दरीनं ते तीन-चारदा परत म्हटलं. मग खालून, डावीकडून, पडलेल्या मोठ्या देवदाराच्या मुळांपाशी, कोयत्याचं पातं दगडावर आपटल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. चार. पाच. तो थांबेचना.

मेलेले पाचपर्यंत मोजत नाहीत. म्हातारीनं हात काढले आणि ती बसल्या जागी दरीत घसरत उतरू लागली, घागरा चिखलात, फडकं कुठच्या कुठं. तिच्याआधी इसिल्डा पोचू शकली नाही.

ईनस देवदाराच्या खाली होता. बुधवारी सकाळीच, सापळा लावून बसला असताना ओंडका घसरला होता. उजवा पाय मांडीपासून खाली दिसत नव्हता. बरगड्या चेपलेल्या, ओरडायला छातीत वारा भरतच नव्हता. ओंजळीत फुंकायला मात्र घोटभर श्वास पुरतो. तोंडाशेजारून झऱ्याचं पाणी जात होतं, त्यावर तो तगला. कोयता पायाशी अडकला होता; दोन दिवस उकरून उकरून त्या सकाळीच त्याच्या हाताला आला होता, पण एकट्याला तो आपटायची ताकद उरली नव्हती. ती आली ती आईची ओ ऐकून.

आईचं तोंड जवळ आल्यावर तो पुटपुटला, "मीठ-मिरची कुणाला म्हणालीस गं, माय?"

"मला रे," मदर केटुरा म्हणाली. "मला, मला."

गावातल्या सहा माणसांनी ओंडका उचलला. न्यायला झोळी नव्हती, म्हणून मास थॅडीनं आपला नवा कोरा पत्रा आणला, त्यावर गोणपाट घालून ईनसला निजवलं आणि खांद्यावरून बफ बेला नेलं. पाय गेला. जीव राहिला.

इसिल्डा त्याच्यासोबत खाली गेली नाही, तिला उतरण झेपली नसती. संध्याकाळी ती मोरीमागं गेली आणि तिनं ईनसचा कोट सुलटा केला. एक बाही आत अडकून राहिली होती, ती सोडवता सोडवता तिला रडू आलं.

नाताळच्या आधी ईनस कुबड्या घेऊन घरी आला. तो पूर्वीसारखाच थट्टा करायचा, म्हणून सगळ्यांना वाटलं, झालं गेलं संपलं. एका दुपारी इसिल्डा उखळाशी बसली होती आणि तो पायरीवर. तो सहज बोलावं तसं म्हणाला, "खाली सगळं ऐकू यायचं. मुसळ ऐकू यायचं. बुधवारी तू गात होतीस."

इसिल्डानं मुसळ खाली ठेवलं.

"गुरुवारी मी फुंकलं आणि मुसळ थांबलं. गाणं थांबलं. मला वाटलं, ओळखलं हिनं. आता येईल." तो कुबडीच्या टोकानं मातीत रेघ ओढत होता. "मग वाट बघत राहिलो."

"ईनस, मला वाटलं…"

"माहितीय काय वाटलं. मलाही तेच वाटलं असतं. मी पण इथलाच आहे की." आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, अर्ध्या बोटांचा. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं इसिल्डाला पुढं जन्मभर वाटत राहिलं.

जानेवारीत तिला मुलगी झाली, गोरीगोमटी नाही आणि हिरवीही नाही. तिचं नाव झिला. झिला वीस वर्षांची झाल्यावर नर्स व्हायला बर्मिंगहॅमला गेली आणि तिथलीच झाली. आईला रविवारी फोन करते.

मास थॅडीनं तो पत्रा घरावर घातला. सहा माणसांच्या खांद्यांवर त्याला मध्येच बाक आला होता, त्यामुळं पाऊस पडला की नेमकं त्याच्या खाटेवर गळायचं. बायको म्हणायची, बदला. तो म्हणायचा, "बाक ईनसनं आणलाय, आधी ईनसला बदल." बासष्ट साली, देशाचा नवा झेंडा वर चढला त्या महिन्यात तो त्याच खाटेवर गेला.

मदर केटुरा आणखी तीन वर्षं जगली. लोकांची पोरं बघणं तिनं सोडून दिलं. दुपारी दरीच्या कडेला खुर्ची टाकून बसायची, आणि हडळ ओरडली की मोठ्यानं ओ द्यायची. प्रत्येक वेळी. पहिल्याच हाकेला. "ओ रे, आले!" वाटेनं जाणारे क्रूसाची खूण करायचे, आया पोरांना कवटाळून पळायच्या. कुणी समजवायला गेलं तर म्हणायची, "पाखरू असलं तर त्याचं काय बिघडतं? आणि मेलेला असला तर नेऊ दे. नसला, तर?" चोपन्न साली, एका दुपारी, ती खुर्चीतच सापडली. टॉम्स गॅपमध्ये अजून मानतात, की शेवटी एका मेलेल्यानं नेलं तिला. तिच्या तोंडावर समाधान होतं एवढं मात्र खरं.

ईनसनं पुन्हा कधी ओंजळ मिटून फुंकली नाही. मळ्याच्या गोदामात बसून कॉफी निवडायचं काम त्याला मिळालं. एक सवय मात्र त्याला लागली. कुणीही हाक मारली, जेवायला, औषधाला, कशालाही, तरी तो तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायचा नाही. पहिल्या दोन हाकांना नुसता बसून राहायचा, डोळ्यांत हसत असल्यासारखा. ती थट्टा होती की दुसरं काही, ते इसिल्डानं अठ्ठावीस वर्षांत विचारलं नाही. ती तीनदा हाक मारायला शिकली. एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये एका संध्याकाळी तिनं त्याला चहाला हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

रान पुन्हा भरलं. दरी आता भर दुपारी काळोखी असते, जशी चार्लीच्या आधी होती. इसिल्डा नव्वदीच्या पलीकडं गेली आहे, कान अजून शाबूत आहेत. झिला फोनवर म्हणते, "ममा, इकडं ये, तिथं एकटी काय करतेस?" ती म्हणते, येईन गं. दुपारी ती परसात बसते. हडळ ओरडते. हूप्. हूऽऽऽ. इसिल्डा ओ देत नाही. ती कानावरचं फडकं मागं सारते, मुसळ हातात धरून ठेवते, आणि तिसरीची वाट बघते.